सशांसाठी घराबाहेरचे खुराडे: आकार, तळ, जाळी आणि छप्पर यांविषयी सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे मध्यम आकाराचे, प्रत्येकी सुमारे २ किलो वजनाचे दोन ससे येणार असून त्यांच्यासाठी घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडी खुराडे स्वतः बांधण्याचा माझा विचार आहे. करवत, ड्रिल, गुण्या अशी साधी हत्यारे हाताशी आहेत आणि टेबल, फडताळ इतपत सुतारकाम मला जमते. मात्र जनावरांसाठी काही बांधण्याची ही पहिलीच वेळ आहे.

कागदावर काढलेल्या आराखड्यात १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच अशी एक पेटी आहे. ती चार पायांवर उचललेली आहे, तिचा एक तृतीयांश भाग झोपण्यासाठी बंद आहे आणि उरलेल्या भागाला समोरून जाळी आहे. लेंड्या आणि मूत्र आपोआप खाली पडावे म्हणून तळालाही जाळीच लावावी आणि वर पत्रा टाकावा, असे मनात आहे. जागेवर सकाळी ऊन येते, दुपारनंतर झाडाची सावली असते, परंतु पाऊस पडून गेल्यावर जमीन बराच वेळ ओली राहते. परिसरात मांजरे फिरतात आणि मुंगूस व घुशीही दिसतात.

हा आकार दोन सशांना पुरेल का, तळ जाळीचा असावा की फळीचा, जाळी कोणती घ्यावी आणि ती चौकटीला आतून लावावी की बाहेरून, आणि पत्र्याखाली आत किती तापेल, हे मला मुख्यतः विचारायचे आहे. लाकूड अजून आणलेले नाही, त्यामुळे आराखडा मुळापासून बदलावा लागला तरी हरकत नाही.

पहिले उत्तर

लाकूड आणण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार चांगले झाले, कारण सर्वांत मोठा बदल पहिल्याच आकड्यात करावा लागेल. १२० सेंटिमीटरच्या पेटीत दोन ससे बसू शकतील, पण धावू शकणार नाहीत. सशाच्या सांगाड्याचे वजन त्याच्या एकूण वजनाच्या अवघे सात-आठ टक्के असते, तर मांजरात हेच प्रमाण बारा-तेरा टक्के असते. उलट सशाच्या मागच्या पायांचे स्नायू अतिशय दणकट असतात. हालचाल नसलेल्या सशाची हाडे विरळ होत जातात, कण्याचा आकार बिघडतो, आणि अशा सशाने घाबरून एकदा जोराने लाथ झाडली तरी कमरेचा मणका मोडू शकतो. जागेचा प्रश्न हा म्हणूनच त्यांच्या हौसेचा नाही, प्रकृतीचा आहे.

ब्रिटनमधील ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवते, आणि ती दिवसातून तासभर नव्हे तर चोवीस तास खुली असावी असे सांगते. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक चपळ असतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण झोपलेले किंवा कामात असतो. सोडायला माणूस हवा अशी व्यवस्था केली तर त्यांचा धावण्याचा वेळ रोज पेटीतच जाईल. तेव्हा खुराडे ही निजण्याची आणि आडोशाची जागा समजावी आणि त्याला कायमचे जोडलेले, वरूनही जाळीने बंद असलेले आवार ही त्यांची खरी वावरायची जागा धरावी. खुराडे १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर खोल केले आणि आवार ३ मीटर बाय २ मीटर ठेवले, तर दोघांचे चांगले भागेल. खुराड्याची उंची आत कुठेही ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. मागच्या पायांवर उभे राहिल्यावर कान छताला टेकता कामा नयेत.

झोपण्याच्या कप्प्याला दोन वाटा ठेवाव्यात. एकच वाट असली तर जोडीतला दांडगा ससा तिथे ठाण मांडतो आणि दुसरा आत अडकतो किंवा बाहेर पावसात राहतो. वाट १५ ते २० सेंटिमीटर रुंद पुरते. आवारात उतरण्यासाठी फळी लावायची असेल तर तिची चढण ३० अंशांपेक्षा तीव्र नको आणि तिच्यावर पाय रोवायला आडव्या पट्ट्या हव्यात; गुळगुळीत ओल्या फळीवर ससा एकदा घसरला की पुन्हा तिच्यावर पाय ठेवायला तयार होत नाही. खुराडे जमिनीपासून थोडेच उचलून फळी आखूड ठेवणे मला अधिक पसंत आहे, परंतु आपली जमीन ओल धरते, त्यामुळे ५०-६० सेंटिमीटर उंची आवश्यक वाटते. उंचीमुळे साफसफाई करताना आपल्याला वाकावेही लागणार नाही. पाय थेट मातीत न रोवता फरशीच्या तुकड्यांवर किंवा विटांवर टेकवावेत, नाहीतर लाकूड प्रथम तिथेच कुजते.

आणखी एक गोष्ट आराखड्यात आताच घालावी. खुराड्याच्या मधोमध वर-खाली सरकवून काढता येईल अशा जाळीच्या पडद्यासाठी दोन खाचा ठेवाव्यात. नवी जोडी एकमेकांना सरावेपर्यंत, किंवा एखादा आजारी असताना, दोघांना एकमेकांच्या नजरेआड न करता वेगळे ठेवता येते. नर-मादी असतील तर नसबंदीनंतरही नरामध्ये काही आठवडे प्रजननक्षमता टिकून असते, तेव्हाही हा पडदा उपयोगी पडतो.

दुसरे उत्तर

मी जाळी आणि जोडकाम यांपुरते लिहितो, कारण खुराडे फुटते ते बहुतेक तिथेच.

कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी विणीची पातळ जाळी घेऊ नये. ती कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. तिची तार पिळलेली असते आणि एक पीळ सुटला की पुढचे सुटत जातात. छेदबिंदूंवर जोडलेली चौकोनी वेल्डमेश जाळी घ्यावी, तिचे घर १२ ते १३ मिलिमीटरचे असावे आणि तार किमान १ मिलिमीटर जाडीची असावी. कुत्र्यांचा वावर असेल तर तार आणखी जाड हवी. घर २५ मिलिमीटरचे असले तर सशाला बाहेर पडता येत नाही हे खरे, परंतु घुशीची पिल्ले, उंदीर आणि बारीक साप आत येतात, आणि मांजराचा पंजाही सहज आत जातो. नव्या जाळीवर जस्ताची सैल पूड आणि थेंबासारखे कण राहिलेले असतात, जस्त पोटात गेल्यास सशाला विषबाधा होऊ शकते. म्हणून जाळी लावण्यापूर्वी पातळ व्हिनेगरने घासून, धुऊन वाळवावी.

आतून की बाहेरून, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. जाळी आतून लावली तर चौकटीचे लाकूड सशाच्या दातांपासून वाचते, परंतु बाहेरून प्राण्याने धक्का दिल्यास जाळी खिळ्यांसकट आत ढकलली जाते. बाहेरून लावली तर तो धक्का चौकटीवर जातो, पण चौकट आतून कुरतडली जाते. मी आतून लावतो आणि तिची पकड केवळ यू आकाराच्या खिळ्यांवर सोडत नाही. जाळीची कड चौकटीवर किमान ३ सेंटिमीटर येऊ द्यावी, तिच्यावर लाकडी पट्टी ठेवावी आणि पट्टीतून दर १५ सेंटिमीटरवर रुंद वायसरसह स्क्रू घालावा. अशी जाळी पूर्ण वजनाने ढकलूनही हलत नाही. जाळीची कापलेली टोके पट्टीखाली पूर्ण झाकली जातील याची काळजी घ्यावी. ती उघडी राहिली तर सशाच्या डोळ्याला आणि ओठाला जखमा होतात.

आवाराच्या तळाशी काय करायचे, हा जाळीहून मोठा प्रश्न आहे. ससा आतून खणतो आणि मुंगूस किंवा कुत्रा बाहेरून. जाळी ४५ सेंटिमीटर खोल पुरणे हा एक मार्ग आहे, पण त्यासाठी चर खणावा लागतो आणि पुरलेली जाळी गंजली तर ते कळत नाही. मला झालर पद्धत अधिक विश्वासाची वाटते. आवाराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ५० ते ६० सेंटिमीटर रुंद जाळी जमिनीवर सपाट अंथरावी, भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधावी आणि तिच्यावर फरशा किंवा माती टाकावी. खणणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशीच पंजा घालतो आणि तिथे त्याला जाळी लागते; दोन पावले मागे सरकून बोगदा खणावा हे त्याला सहसा सुचत नाही. आतून खणणाऱ्या सशासाठी आवाराच्या कडेने आतही ३० सेंटिमीटरची पट्टी अंथरावी. खणणे हा त्यांचा स्वभाव आहे, तो पूर्ण बंद करू नये. मातीने भरलेली एक मोठी खोल पेटी आवारात ठेवली तर बराचसा जोर तिथे खर्च होतो.

दारांना नुसता आकडा पुरत नाही. प्रत्येक दाराला वर आणि खाली असे दोन बोल्ट असावेत आणि रात्री त्यांतल्या एकात कुलूप किंवा कडी अडकवावी. बिजागऱ्यांचे स्क्रू दार बंद असताना बाहेरून काढता येणार नाहीत अशा बाजूला असावेत. समोरची बाजू पूर्ण उघडेल इतकी दारे मोठी ठेवावीत. कोपऱ्यात दडलेल्या सशाला अरुंद दारातून हात घालून ओढावे लागले तर तो लाथा झाडतो, आणि वर म्हटलेला मणक्याचा धोका नेमका तेव्हाच असतो.

लाकडाचा हिशेबही सांगून ठेवतो. प्लायवुडचा पूर्ण तक्ता साधारण २४४ बाय १२२ सेंटिमीटरचा असतो, त्याचे लांबीत दोन भाग केले की ६० सेंटिमीटरच्या पट्ट्या मिळतात. खुराड्याची खोली ६० ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. भिंतींना १२ मिलिमीटर आणि तळाला १८ मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणारे प्लायवुड घ्यावे. जिथे कडा उघड्या राहतील तिथे ॲल्युमिनियमची कोनपट्टी बसवावी, कारण सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात, ते झिजवण्यासाठी तो कुरतडणारच, आणि सपाट पृष्ठभागापेक्षा कड त्याला सोपी पडते.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण तळाच्या जाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून तिच्या बाजूने थोडे लिहितो. व्यावसायिक ससेपालनात तळाला जाळी वापरतात ती उगाच नव्हे. लेंड्या खाली पडतात, ससा त्यांच्या संपर्कात कमी येतो आणि कॉक्सिडिया या परजीवीचा प्रसार आटोक्यात राहतो. फळीवर मूत्र साचून गवत भिजते, अमोनिया तयार होतो आणि त्याने नाक व फुप्फुसे बिघडतात. रोज स्वच्छता होणार नसेल तर जाळीचा तळ परवडला, असे माझे मत आहे.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

तिसऱ्या उत्तरातील कॉक्सिडियाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तरीही घरी पाळलेल्या सशाला मी जाळीवर ठेवणार नाही, आणि त्याचे कारण त्याच्या पायात आहे. कुत्र्या-मांजरांच्या पंजाला असते तशी मऊ गादी सशाच्या तळपायाला नसते, तिथे केवळ दाट केस असतात. तारेवर सतत बसल्याने ते झिजतात, टाचेखालची कातडी उघडी पडते, तिथे जखम होते आणि संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. नीट सांभाळलेला घरचा ससा ८ ते १२ वर्षे जगतो. इतकी वर्षे तारेवर काढायला लावणे मला मान्य नाही.

कॉक्सिडियाची अंडी विष्ठेतून पडल्याबरोबर संसर्गक्षम नसतात. ऊब आणि ओल मिळाल्यावर त्यांना पक्व व्हायला साधारण एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे रोज लेंड्या काढल्या आणि तळ कोरडा ठेवला तर साखळी तुटते. मग प्रश्न उरतो तो रोजची सफाई सोपी कशी करायची याचा, आणि माझ्या मते संपूर्ण आराखडा याच एका प्रश्नाभोवती फिरावा. जे खुराडे स्वच्छ करणे अवघड असते ते कितीही मजबूत असले तरी चार दिवसांत अस्वच्छ होते.

ससे मूत्रासाठी एक कोपरा ठरवतात. तो कोणता हे त्यांना ठरवू द्यावे आणि मग तिथे रुंद, बसक्या काठाचा ट्रे ठेवून त्यात कागदाच्या गोळ्या किंवा पेंढा आणि वर सुके गवत पसरावे. गवताचा रॅक ट्रेच्या अगदी वर टांगावा, कारण ससे खाता खाता लेंड्या टाकतात. बहुतेक घाण अशी एकाच जागी येते आणि रोज ट्रे उचलून रिकामा करता येतो. तळाला समोरच्या दाराकडे दीड-दोन सेंटिमीटरचा उतार द्यावा आणि उंबऱ्याची पट्टी उचलून काढता येईल अशी करावी, म्हणजे खरवडणीने सगळे थेट बादलीत ओढता येते. सशाच्या मूत्रात कॅल्शियम पुष्कळ असते आणि त्याचा पांढरा थर चढतो; तो व्हिनेगरने सुटतो, घासून तळ खरवडू नये.

प्रश्नकर्त्याकडून

आपण सर्वांनी इतक्या तपशिलात लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तळ प्लायवुडचाच करतो, आकार १८० बाय ६० आणि ३ बाय २ मीटरचे आवार हेही पक्के. प्लायवुडवर मूत्र मुरू नये म्हणून काय लावावे, आणि भिंती रंगवल्या तर ससे रंग चाटतील का, याची चिंता आहे. छपराविषयीही अजून कोणी लिहिलेले नाही.

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून

तळाला पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात द्यावेत, आणि तळ व भिंत यांच्या सांध्यातही ते मुरू द्यावे. भिंतींना आतून रंग नकोच. बाहेरून द्यायचा असेल तर लहान मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेला पाण्याचा रंग घ्यावा. जुने, पूर्वी रंगवलेले लाकूड वापरू नये, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेले लाकूडही आत नको. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा अंथरायला वापरू नये, त्यातील सुगंधी द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो. व्हार्निश हाताला कोरडे लागले म्हणजे तयार झाले असे नाही. पूर्ण कडक होऊन वास जाईपर्यंत ससे आत सोडू नयेत.

चौथे उत्तर

छपराविषयी मी लिहितो, कारण बाहेरच्या खुराड्यात ससे दगावतात ते थंडीपेक्षा उष्णतेने अधिक. कोरड्या आणि वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी ससा बरीच थंडी सहन करतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र तो दुबळा आहे. त्याला घाम जवळजवळ येत नाही, धापा टाकूनही फारशी उष्णता बाहेर जात नाही, आणि शरीर थंड करण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कान. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात तो सुखी असतो, २८ अंशांच्या आसपास त्याला त्रास सुरू होतो आणि ३० अंशांच्या वर, विशेषतः हवा कोंडलेली असेल तर, जिवाला धोका असतो.

एकेरी पत्रा उन्हात तापून ती उष्णता थेट सशाच्या पाठीवर टाकतो. आपल्याकडे सकाळचे ऊन आहे, तेव्हा छप्पर दुहेरी करावे. खाली १२ मिलिमीटर प्लायवुड, त्यावर ४ ते ५ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या आणि त्यांवर नालीदार पत्रा, वरून पांढरा रंग. पत्र्याला आधार म्हणून पट्ट्या उतारावर आडव्या लागतात, आणि इथेच पुष्कळ जण एक सलग पट्टी ठोकून हवेची वाट बुजवतात. त्या तुकड्यातुकड्यांनी लावून मध्ये हातभर अंतराने मोकळी जागा सोडावी, म्हणजे तापलेली हवा उतारावरून वर सरकून उंच बाजूने निघून जाते. दोन्ही टोकांना जाळी लावावी, नाहीतर त्या पोकळीत उंदीर घर करतात.

समोरची उंची ७५ आणि मागची ६० सेंटिमीटर ठेवल्यास पाणी मागे वाहून जाईल. पत्रा पुढे २० आणि इतर बाजूंना १०-१५ सेंटिमीटर बाहेर यावा. मागे पडणारी पागोळी आवारात येणार नाही अशीच खुराड्याची दिशा ठरवावी, आणि समोरची उघडी बाजू पावसाच्या झडीकडे नसावी. झोपण्याच्या कप्प्याला वळचणीखाली समोर आणि मागे ५ सेंटिमीटर रुंद फटी ठेवून त्यांना जाळी लावावी. ससा खाली बसतो आणि वारा त्याच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे झोत लागत नाही, पण दमट हवा आणि अमोनिया साचत नाही. पाऊस लागतो म्हणून या फटी कापडाने बुजवू नयेत.

कडक उन्हाच्या दिवसांसाठी आत गुळगुळीत फरशीचा एक तुकडा सावलीत ठेवावा, ससे त्यावर पोट टेकून पडतात. पाणी जड, पसरट भांड्यात द्यावे. सशाला वजनाच्या दर किलोमागे रोज ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते आणि नळीच्या बाटलीपेक्षा भांड्यातून तो अधिक सहज पितो.

माश्या आणि डास यांचाही आराखड्यात विचार हवा. उष्ण, दमट दिवसांत हिरव्या माश्या सशाच्या मागच्या बाजूच्या ओल्या, घाण झालेल्या केसांत अंडी घालतात, ती २४ तासांच्या आत फुटतात आणि अळ्या कातडी पोखरतात. अशा सशाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे लागते. त्यासाठी उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन वेळा ससा उचलून शेपटीखाली पाहावे. मिक्सोमॅटोसिस हा रोग असलेल्या प्रदेशांत तो डास आणि पिसवांमार्फत पसरतो, म्हणून वेल्डमेशच्या बाहेरून बारीक मच्छरजाळी वेगळ्या हलक्या चौकटीवर बसवावी. ती काढून धुता आली पाहिजे, कारण केस आणि धूळ साचून तिच्यातून वारा येईनासा होतो.

ससे आणण्यापूर्वी पाइपने छपरावर आणि चारही बाजूंनी दहा मिनिटे पाणी सोडून आत हात फिरवून पाहावा. दारांच्या कडेने ३ मिलिमीटर फट ठेवूनच ती बसवावीत, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि घट्ट बसवलेले दार नेमके पावसात उघडत नाही.